सोलर आहे, मग बॅटरी हवी का?

(मंडळाच्या आषाढातल्या कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आपल्या मंडळात आजवर या जागी उभं राहून लोक नाट्यसंगीतावर बोलले, सयाजीरावांवर बोलले, गुडघेदुखीवरही बोलले. बॅटरीवर बोलायची पाळी आमच्यावर आली, कारण गेल्या वर्षभरात निदान वीस जणांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला. लग्नात, देवळात, एकदा तर स्मशानातही. "तुमच्याकडे सोलर आहे ना? मग बॅटरी घेतली का? आम्ही घ्यावी का?" कार्यकारिणीचं म्हणणं पडलं की वीस जणांना वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सगळ्यांना सांगून टाका. आम्ही सरकारी नोकर, इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेला, काही विकत नाही. तेवढ्या अधिकारावर बोलतो.

आधी आमच्या घरी काय झालं ते सांगतो. त्याशिवाय पुढचा हिशेब कळणार नाही.

आम्ही समाला राहतो. 2024 च्या उन्हाळ्यात धाब्यावर सव्वातीन किलोवॅटचं सोलर बसवलं. तेव्हा केंद्र सरकारची सूर्यघर योजना नुकतीच आली होती. खर्च एक लाख पंचाहत्तर हजार, त्यातले अठ्ठ्याहत्तर हजार सबसिडीचे परत खात्यात आले. म्हणजे पदरचे सत्त्याण्णव हजार. दोन महिन्यांचं बिल साडेचार-पाच हजार यायचं, ते एकदम खाली आलं. वर्षाला पंचवीस-सव्वीस हजार वाचतात, म्हणजे चार वर्षांच्या आत पैसे वसूल. आम्ही खूश. येणाऱ्या-जाणाऱ्याला धाब्यावर नेऊन पॅनल दाखवत होतो.

आणि मग ती गोकुळाष्टमी आली. तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही सगळ्यांनी भोगलंय. विश्वामित्री 35 फुटांच्या वर गेली. सोमवारी अष्टमी, मंगळवारी पहाटे आमच्याकडे लाईट गेली ती शुक्रवारी दुपारी आली. तळमजल्यावर कमरेएवढं पाणी. मगर कुठे दिसली, कुठे नाही, याच्या गोष्टी नंतर पुष्कळ झाल्या, त्या वेळी मात्र आमचं लक्ष एकाच गोष्टीकडे होतं. आमच्या बाबांना फुप्फुसांचा जुना त्रास आहे आणि त्यांना दिवसातले पंधरा-सोळा तास ऑक्सिजन लागतो. घरात ऑक्सिजनचं यंत्र आहे, ते विजेवर चालतं.

जिन्याखाली जुना इन्व्हर्टर आणि त्याची ॲसिडची बॅटरी होती. पाण्याखाली गेलेली पहिली वस्तू तीच. एक लहान सिलिंडर होता, मिनिटाला दोन लिटरच्या हिशेबाने तो बारा तास पुरतो. आम्ही तो तासभर लावायचा, तासभर बंद करायचा, असं करून बुधवार दुपारपर्यंत ओढला. बाबा नुसते छताकडे बघत बसायचे, बोलायचे नाहीत, श्वास वाचवत होते. बुधवारी बचाव पथकाची होडी आली, तीतून त्यांना बाहेर काढून मांडवीजवळ आत्याकडे पोचवलं. तिथे पाणी नव्हतं आणि लाईट होती.

गुरुवारी मध्येमध्ये ऊन पडलं. आम्ही धाब्यावर गेलो तर पॅनल कसे लख्ख धुतलेले, चमकत होते. आणि खाली पहिल्या मजल्यावरचा सोलरचा इन्व्हर्टर बंद. एक लाल दिवा, बस. समोरच्या भाभी त्यांच्या धाब्यावरून ओरडून विचारतात, "तुमच्याकडे तो सोलर छे ने? मोबाइल चार्ज करून द्या ना!" त्यांना काय उत्तर द्यावं कळेना.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. सोलर विकणाऱ्याने आम्हाला सांगितलं होतं, "लाईट गेली तरी तुमचं चालूच राहणार." हे खोटं आहे हे आम्हाला माहीत होतं. डिप्लोमाच्या पोरालाही माहीत असतं. बॅटरी नसलेलं सोलर बाहेरची लाईट गेली की आपोआप बंद पडतं आणि पडायलाच हवं. कारण तुमच्या धाब्यावरची वीज उलटी तारेत गेली, तर तिथे खांबावर चढलेला लाइनमन मरेल. त्याला वाटतं तार मेलेली आहे. हे माहीत असूनही आम्ही त्या वेळी मान डोलावली. वाटलं, बडोद्यात लाईट जाते कुठे? आणि घरात ऑक्सिजनचं यंत्र आहे, ही गोष्ट आम्ही सोलरच्या हिशेबात धरलीच नाही. तो हिशेब बिलाचा होता.

तर पूर ओसरला, गाळ काढला, सात सप्टेंबरला गणपती बसले. त्या वर्षी आरास कोणी केली नव्हती, आठवत असेल. आणि चतुर्थीच्या जेवणानंतर घरात पहिला ठराव झाला की बॅटरी घ्यायची. कितीही पैसे लागोत.

प्रत्यक्षात घ्यायला आम्हाला पाच महिने लागले. कारण कागद घेऊन बसलो तेव्हा लक्षात आलं की आपण दोन प्रश्नांचा काला करतोय. बॅटरीने पैसे वाचतील का, हा एक प्रश्न. बॅटरीने घर चालेल का, हा दुसरा. विकणारा माणूस दोन्ही एकत्र कालवून वाढतो.

पहिला प्रश्न घेऊ. लोकांना वाटतं, सोलर दिवसा वीज करतं, आपण एसी रात्री लावतो, मग दिवसाची वीज रात्रीसाठी साठवायला बॅटरी हवीच. वरवर अगदी बरोबर वाटतं. पण नेट मीटर काय करतं बघा. दुपारी तुमच्या धाब्यावर तेरा युनिट तयार झाली, घरात चार वापरली, नऊ बाहेर तारेत गेली. रात्री तुम्ही नऊ युनिट बाहेरून घेतली. मीटरने वजाबाकी केली, शून्य. म्हणजे तारेत टाकलेली वीज ही बँकेत ठेवलेल्या पैशासारखी आहे. आता बँक म्हणजे काय हे बडोदेकरांना सांगायला नको, 1908 साली महाराजांनी ती काढूनच दिलेली आहे. ही बँक व्याज देत नाही, पण एक युनिट ठेवलं तर एक युनिट परत देते. बॅटरी तेवढंही देत नाही. चांगल्या लिथियम बॅटरीत एक युनिट घातलं की इन्व्हर्टरची घट धरून पंच्याऐंशी ते नव्वद टक्के परत मिळतं. ॲसिडच्या बॅटरीत त्याहून कमी. म्हणजे फुकटची बँक सोडून घरी तिजोरी घ्यायची, तिला लाखभर रुपये द्यायचे, आणि ती दर वेळी शंभरातले दहा-पंधरा खाणार.

यावर एक शंका येते आणि ती रास्त आहे. सगळीच वीज काही परत घेतली जात नाही. हिवाळ्यात पंखेसुद्धा बंद, वीज उरते. बिलाच्या मुदतीत वजाबाकी होऊन जी उरते तिला आपल्याकडे युनिटला सव्वादोन रुपये मिळतात आणि आपण विकत घेतो ती सगळे आकार धरून साडेसहा-सातला पडते. मग ती उरलेली वीज बॅटरीत भरली तर? हाही हिशेब आम्ही केला. पाच युनिटची लिथियम बॅटरी, आम्हाला नुसत्या बॅटरीचं कोटेशन आलं एक लाख पंचवीस हजारांचं. त्यातली वापरता येते साडेचार युनिट. रोज भरली, रोज रिकामी केली, दहा वर्षं चालली, तर साधारण सोळा हजार युनिट तिच्यातून जातील. म्हणजे एक युनिट नुसतं साठवून ठेवायचं भाडं साडेसात रुपये. सात रुपयांची वस्तू ठेवायला साडेसात रुपये भाडं. आणि उरलेली वीज रोज नसतेच, हिवाळ्यात तेवढी असते, म्हणजे भाडं आणखी वाढतं.

विकणारा म्हणेल, "अहो, सहा हजार सायकल आहेत." असतील. एक सायकल म्हणजे एकदा भरणं आणि एकदा रिकामी करणं. रोज एक धरली तर सहा हजाराला सोळा वर्षं लागतात. सोळा वर्षं बॅटरी टिकेल का, हे सायकलवर नाही, तिच्या वयावर आणि बडोद्याच्या मे महिन्यातल्या उष्म्यावर ठरतं. वॉरंटीच्या कागदावर किती वर्षं लिहिली आहेत ते बघा आणि तेवढीच हिशेबात धरा.

आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी दहा युनिटची बॅटरी घेतली, तीन लाखांच्या घरात गेली. त्यांना सांगितलं होतं, बिल शून्य होईल. त्यांचं बिल नेट मीटरने आधीच शून्याच्या जवळ आलेलं होतं! आता ते म्हणतात, "लाईट गेली की फार छान वाटतं." वर्षात त्यांच्याकडे लाईट जाते पाच-सहा तास. फार महागाचं छान वाटणं आहे हे.

आणि सबसिडी बॅटरीला नाही, ती पॅनलच्या किलोवॅटवर आहे, तीन किलोवॅटला अठ्ठ्याहत्तर हजार आणि त्याच्या वर कितीही लावा, तेवढीच. "बॅटरीसकट सबसिडी" असं कोणी म्हणालं तर दोनदा विचारा.

हा हिशेब सगळीकडे असाच राहील असं नाही. आमच्या हिचं माहेर दापोलीकडचं. 2020 च्या जूनमध्ये निसर्ग वादळ आलं तेव्हा त्या भागात दिवसेंदिवस अंधार होता, आणि एरवीही पावसाळ्यात तिकडे लाईटचा भरवसा धरवत नाही. तिथे सासरेबुवांना बॅटरी घ्या म्हणून आम्हीच सांगितलं. शेतावर घर असेल, लाइन दूर असेल, तर पैशाचा प्रश्नच येत नाही. पुढे मीटर बदलले आणि दिवसाच्या युनिटचा दर वेगळा, रात्रीचा वेगळा असं झालं, तर आपल्या शहरातलाही हिशेब बदलेल. केंद्राच्या नियमांत तशी तरतूद आहे. स्मार्ट मीटरवरून 2024 च्या मे महिन्यात आपल्याकडे केवढा गदारोळ झाला ते तुम्ही पाहिलंच. दिवसाची वीज तीन रुपयांना आणि रात्रीची नऊला असं झालं, तर आम्ही पुन्हा कागद घेऊन बसू. पण त्या भविष्याच्या भरवशावर आज बॅटरी घेऊ नका. तोपर्यंत ती म्हातारी होईल. बॅटऱ्या वर्षावर्षाला स्वस्तही होत आल्या आहेत.

खरं म्हणाल तर साठवण घराघरांत करण्यापेक्षा गावाची एक करावी. आपल्याच राज्यात मोढेऱ्याला तसं केलं आहे. सूर्यमंदिराचं गाव म्हणून त्याला ऑक्टोबर 2022 मध्ये चोवीस तास सौर ऊर्जेचं गाव जाहीर केलं. तिथे घरांवर पॅनल आहेत, पण मोठी बॅटरी गावाच्या प्रकल्पाला आहे. असो, ते आपल्या हातात नाही.

आता दुसरा प्रश्न. घरात असं काय आहे की जे थांबलं तर चालणार नाही? इथे रुपयांचा हिशेब बाजूला ठेवावा लागतो, पण युनिटचा हिशेब ठेवावाच लागतो. आमच्या घरी वहीत लिहून काढलं. बाबांचं यंत्र साडेतीनशे वॅट, सोळा तास, म्हणजे साडेपाच युनिट. फ्रिज दिवसाला एक-सव्वा. दोन पंखे, चार दिवे, मोबाइल, वायफाय मिळून एक-दीड. पाण्याचा पंप अर्धा तास. एसी, गिझर, इस्त्री, मिक्सर या गोष्टी यादीत येऊ द्यायच्या नाहीत. आमच्या मुलाने टीव्ही लिहिला होता, तो आईने खोडला.

म्हणजे आमची गरज दिवसाला आठ-साडेआठ युनिट. आणि पूर येतो तो ढगाळ दिवसांत. भर पावसात पॅनल त्याच्या नेहमीच्या चौथा हिस्साही देत नाही. त्यामुळे पाच युनिटची बॅटरी घेतली तरी पुराचे तीन दिवस ती एकटी निभावणार नव्हतीच. हे कळल्यावर आमची झोप उडाली, खोटं कशाला बोला.

इलाज दोन होते. एक, सध्याचा इन्व्हर्टर काढून बॅटरीवर चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर बसवायचा आणि पाच युनिटची बॅटरी. मिळून एक लाख पंच्याऐंशी हजार. शिवाय चालू व्यवस्थेला हात लागणार, म्हणजे पुन्हा मंजुरी, पुन्हा कागद, जुन्या इन्व्हर्टरची वॉरंटी गेली.

दुसरा इलाज आम्हाला ऑफिसातल्या एका जुन्या वायरमनने सुचवला. तो म्हणाला, "साहेब, जे चालतंय त्याला कशाला हात लावता? बाजूला एक छोटं वेगळं करा." आम्ही तेच केलं. धाब्यावर जिन्याच्या खोलीवर दोन पॅनल वेगळे लावले, मिळून हजार वॅटच्या थोडे वर. त्यांचा मीटरशी, बाहेरच्या तारेशी संबंध नाही. ते अडीच युनिटची एक लिथियम बॅटरी भरतात आणि सोलरचा वेगळा इन्व्हर्टर ती घरात देतो, फक्त बाबांची खोली, फ्रिज आणि दोन खोल्यांतले दिवे-पंखे. एकूण एक लाख पाच हजारांत काम झालं. बॅटरीवर बाबांचं यंत्र एकटं लावलं तर सहा तास चालतं. आम्ही घड्याळ लावून बघितलं. दिवसा ऊन असेल तर ते पॅनलवरच चालतं आणि बॅटरी उरते. आणि उरलेल्या रात्रीसाठी दोन मोठे सिलिंडर भरून ठेवले आहेत. पावसाळ्याआधी ते भरले आहेत की नाही हे बघायचं काम आमच्या मुलीकडे आहे.

बाबा मात्र शेवटपर्यंत नको म्हणत होते. "माझ्यापायी लाखभर रुपये घालू नका, मी किती दिवसांचा?" हे ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत त्यांनी ऐकलेलं असेल. आम्ही त्यांना सांगितलं, फ्रिजसाठी घेतोय. त्यावर ते हसले. त्यांनी आयुष्यभर हिशेबाचंच काम केलेलं आहे, त्यांना काय फसवणार.

दोन-चार गोष्टी कामाच्या सांगतो. बॅटरी जिन्याखाली ठेवू नका. आपल्याकडे ती जागा ठरलेलीच आहे, चपला आणि बॅटरी. नदीपासून दूर असाल तर गोष्ट वेगळी, पण ज्यांच्या घरात 2019 ला किंवा 2024 ला पाणी शिरलं त्यांनी ती पहिल्या मजल्यावर न्यावी, तीही सावलीत आणि हवा खेळेल अशा जागी. धाब्यावर पत्र्याखाली ठेवली तर मे महिन्यात तिचं आयुष्य झरझर कमी होतं. ॲसिडच्या बॅटरीला मोकळी हवा हवीच, भरताना तिच्यातून वायू सुटतो. देवघरात ठेवलेली पाहिली आहे आम्ही, समोर निरांजन! तसं करू नका.

ॲसिडची घ्यायची की लिथियमची? दीडशे अँपिअरची ॲसिडची बॅटरी कागदावर अठराशे वॅट-तासांची असते, पण तिला टिकवायचं असेल तर त्यातली अर्धीच वापरायची. वर पाणी घालत राहायचं. चार-पाच वर्षांत बदलायची. वर्षातून चार वेळा लाईट जाते आणि पंखा-दिवा चालला की झालं, अशा घराला ती पुरे. नवीन काही घेऊच नका, आहे तीच नीट ठेवा. रोज वापरायची असेल किंवा आमच्यासारखी निकड असेल तर लिथियम.

इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा घ्या आणि थोडा मोठा घ्या. ऑक्सिजनच्या यंत्रात, फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर असतो, तो सुरू होताना एकदम दुपटी-तिपटीने वीज ओढतो. आम्ही आधी लहान आणला होता, फ्रिज आणि यंत्र एकदम सुरू झालं की तो कुरकुरून बंद पडायचा. बदलून घेताना दुकानदाराशी वाद झाला. इन्व्हर्टर नुसता चालू असला तरी स्वतःला वीज खातो, दिवसाला अर्धा-पाऊण युनिट, हेही कोणी सांगत नाही.

आणि घेतल्यावर महिन्यातून एकदा मेन बंद करून बघा. आम्ही दर संकष्टीला करतो, लक्षात राहायला सोपं. पहिल्या संकष्टीला कळलं की बाबांच्या खोलीतला प्लग चुकून दुसऱ्याच लाइनवर जोडला गेलेला आहे. पुरात कळलं असतं तर?

यंदा जूनमध्ये एका रात्री वारा-पाऊस झाला, साडेअकराला लाईट गेली, साडेतीनला आली. आम्ही सगळे जागे. बाबा झोपलेले. सकाळी चहा घेताना त्यांना सांगितलं तर म्हणाले, "हो का? मला काही कळलं नाही." त्या एक लाख पाच हजारांची वसुली आम्ही विचारत नाही. ती होणार नाही हे वहीत पहिल्याच पानावर लिहिलेलं आहे.

मघाशी काकूंनी विचारलं की त्या आणि काका दोघंच, तब्येती ठणठणीत, तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, त्यांनी काय करावं. काकू, सोलर सोसायटी करत असेल तर जरूर करा. बॅटरीचे पैसे ठेवून द्या, दोन चांगले टॉर्च घ्या. ज्यांच्या घरी कोणी यंत्रावर आहे, किंवा इन्सुलिनसाठी फ्रिज चालू ठेवावा लागतो, त्यांनी आधी वहीत यादी लिहावी आणि मग आमच्याकडे यावं. रविवारी सकाळी आम्ही घरीच असतो. येताना एकच बिल आणू नका. दोन महिन्यांचं एक, अशी वर्षाची सहा बिलं आणा, उन्हाळ्याची आणि हिवाळ्याची दोन्ही. एका बिलावरून आम्हाला काही सांगता येत नाही.